मागच्या धुऱ्याचा आवाज : गोळा उघडण्यापूर्वी कान उघडा

मीरा रोड, भाईंदर, काशिमीरा या पट्ट्यात ज्यांचा कापडाचा, स्टीलच्या भांड्यांचा, फर्निचरचा किंवा बेकरीचा धंदा आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दारात एखादा टेम्पो उभा असतो. कुणाचा टाटा ४०७, कुणाची महिंद्राची पिकअप, तर कुणाचा 'छोटा हाथी'. माल भिवंडीहून येतो, मुंबईला जातो आणि तो वेळेवर पोहोचला तरच गिऱ्हाईक टिकते. दुकानाचे भाडे, कारागिरांची मजुरी, बँकेचा हप्ता यांचा हिशेब आपण रोज रात्री मांडतो. परंतु टेम्पोच्या मागच्या धुऱ्यातून 'हूंऽऽ' असा आवाज येऊ लागला की सारा हिशेब मिस्त्रीच्या हाती जातो. मिस्त्री गाडीखाली वाकून पाहतो आणि म्हणतो, "शेठ, क्राऊन-पिनियन गेले." आपण मान डोलावतो. चार दिवस गाडी उभी, भाड्याच्या टेम्पोचा खर्च वेगळा आणि बिल पाच आकडी. इतके करूनही गाडी रस्त्यावर आली की तोच आवाज पुन्हा सुरू झाल्याचे कितीतरी व्यापारी बंधूंकडून आम्ही ऐकले आहे.

असे का होते? कारण मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो, आणि डिफरन्शियलचा असला तरी तो प्रत्येक वेळी क्राऊन-पिनियनचा नसतो. आवाज कधी येतो, कधी थांबतो, कशाने वाढतो आणि कशाने सूर बदलतो, एवढे जर गाडीच्या मालकाने किंवा ड्रायव्हरने नीट टिपले तर निदानाचा मोठा भाग एकही बोल्ट न खोलता होतो. आम्ही मिस्त्री नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण पंचवीस-तीस वर्षे टेम्पो बाळगल्यावर आणि चांगल्या उस्ताद मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून पाहिल्यावर जे कळले ते येथे मांडीत आहोत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. आमच्याकडे निदानाला 'तशखीस' म्हणतात. हकीम आधी नब्ज पाहतो, चार प्रश्न विचारतो, मग नुस्खा लिहितो. आपल्या गॅरेजांत मात्र नुस्खा आधी लिहिला जातो.

गोळ्याच्या आत काय आहे?

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे आवाजाची गोष्ट आपोआप समजेल. ४०७ सारख्या गाडीत इंजिन पुढे असते आणि ताकद मागच्या चाकांना द्यायची असते. गिअरबॉक्समधून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो. मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात या शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, ते क्राऊन. येथे दोन कामे होतात. फिरण्याची दिशा काटकोनात वळते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. पिनियन चार-पाच फेरे मारते तेव्हा क्राऊन एक फेरा मारतो.

तिसरे काम मोठे हिकमतीचे आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर एका काटकोनी वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सव्वादोन मीटरहून अधिक धावते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली असती तर टायर घासले असते, नाहीतर दांडा पिळवटला असता. म्हणून क्राऊनला जोडलेल्या पेटीत चार-सहा लहान दातेरी चाके बसवलेली असतात. आपले मिस्त्री त्यांतल्या काहींना 'स्टार' म्हणतात. सरळ रस्त्यावर ही चाके एकमेकांवर फिरत नाहीत, सगळी मिळून पेटीबरोबर जातात. गाडी वळली की मगच ती आपापसांत फिरतात. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

हा सारा कारभार बेअरिंगांवर तोललेला असतो. पिनियनला दोन, क्राऊनच्या पेटीला दोन, आणि बाहेर प्रत्येक चाकाच्या हबमध्ये वेगळी. आवाज करण्याची हिंमत यांतल्या प्रत्येकात आहे.

आता आवाजाच्या सुराविषयी. समजा, टेम्पोच्या चाकाचा घेर अडीच मीटर आहे आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. मग चाक मिनिटाला सुमारे २६७ फेरे मारते. क्राऊनला ४० दात असले तर सेकंदाला जवळजवळ १७८ वेळा दाताला दात भिडतो. जो 'हूंऽऽ' आवाज आपल्याला ऐकू येतो तो या भिडण्याचाच सूर. गाडी ६० वर नेली की हेच भिडणे २६७ वर जाते आणि सूर चढतो. म्हणजे डिफरन्शियलचा सूर गाडीच्या वेगाशी बांधलेला असतो, इंजिनाच्या वेगाशी नव्हे. यावरून पहिली आणि सर्वांत सोपी परीक्षा निघते. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने चालताना चौथ्यातून तिसरा गिअर टाका, वेग ४० च राहू द्या. इंजिनाचे फेरे वाढले आणि आवाजाचा सूरही चढला, तर दोष गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या बाजूला. सूर जागचा हलला नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, गोळा, हब किंवा टायर यांपैकी कुठेतरी. या एका परीक्षेला दोन मिनिटे लागतात आणि निम्मे संशयित निर्दोष सुटतात.

आधी टायरवर संशय घ्या

मागून येणाऱ्या आवाजाचा सर्वांत मोठा सोंगाड्या म्हणजे टायर. वेड्यावाकड्या झिजलेल्या टायरचा आवाज डिफरन्शियलच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की जाणते मिस्त्रीही फसतात. ओळखण्याची खूण अशी की, टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा, खडबडीत रस्त्यावर तिसरा. अॅक्सिलरेटर दाबा किंवा सोडा, टायरला त्याचे सोयरसुतक नसते. डिफरन्शियलच्या दातांचे नेमके उलट आहे. रस्ता कोणताही असो, ते पायाखालच्या अॅक्सिलरेटरला जाब देतात.

एका ईदच्या आधीच्या हंगामातला आमचा अनुभव सांगतो. त्या दिवसांत कापडवाल्याला एक दिवस गाडी बंद ठेवणे परवडत नाही, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या ४०७ मधून ४० ते ५० च्या वेगात मागून मोठा घोंघाट येऊ लागला. एका गॅरेजात दाखवले तर त्यांनी गाडी चालवूनही पाहिली नाही. क्राऊन-पिनियनचा सेट, चारही बेअरिंगे, मजुरी आणि चार दिवस, असा आकडा कागदावर लिहून हातात दिला. आम्ही गाडी तशीच परत आणली आणि ड्रायव्हरला समोर बसवून विचारले, "चाचा, अॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलतो का?" म्हणाले, "नाही शेठ." "आणि सिमेंटच्या रस्त्यावर?" "तिथे बारीक होतो." मग टायरवरून हात फिरवला. मागच्या डाव्या जोडीतल्या बाहेरच्या टायरवर हात एका दिशेने गुळगुळीत जात होता आणि उलट दिशेने फिरवला की करवतीच्या दातांसारखा अडत होता. तो टायर काढून पुढे बसवला आणि गाडी फाउंटन हॉटेलपर्यंत नेऊन आणली. आवाज पुढे आला होता. खर्च झाला तो टायरवाल्याच्या मजुरीचा. क्राऊन-पिनियन त्यानंतर कित्येक वर्षे तेच चालले.

मागे चार टायर असणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. जोडीतला एक टायर नवा आणि एक गुळगुळीत, असे बसवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. घेर निराळा झाला की जोडीतला एक टायर सतत घासत जातो. आणि उजव्या-डाव्या बाजूंच्या घेरातच फरक पडला, तर सरळ रस्त्यावर विश्रांती घेणाऱ्या त्या स्टार गिअरांना चोवीस तास वळणावरची मजुरी करावी लागते.

टायर निर्दोष ठरला की हबच्या बेअरिंगकडे वळावे. रिकाम्या, रुंद रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना गाडी किंचित उजवीकडे, मग किंचित डावीकडे न्यावी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या हबवर संशय, उलट झाले तर उजव्यावर. पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर दोन्ही हबच्या जवळ हात नेऊन पाहावा. एक कोमट आणि दुसरा भाजेल इतका गरम असेल तर काहीतरी अडते आहे, मग बेअरिंग असो वा चिकटलेला ब्रेक.

शाफ्टचे क्रॉस आणि मधले सेंटर बेअरिंग यांची भाषा वेगळी आहे. गाडी उठताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना 'ठक्' असा एकच ठोका पडतो, तो बहुधा क्रॉसचा. वेग वाढला की पाटा थरथरतो आणि सीटखाली कंप जाणवतो, तोही शाफ्टकडे बोट दाखवतो. गाडी बंद करून, चाकांना मागेपुढे दगड लावून, शाफ्ट हाताने पिळून पाहिला तर क्रॉसमधला प्ले डोळ्यांना दिसतो. क्रॉसचा खर्च क्राऊन-पिनियनच्या मानाने किरकोळ आहे. तरीही क्रॉस खिळखिळा असताना गोळा उघडल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

घोडबंदरचा घाट हीच प्रयोगशाळा

आता खरोखर डिफरन्शियलच बोलत असेल तर काय? आपल्या भागाला एक सोय अल्लाने फुकट दिली आहे, ती म्हणजे घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट. काशिमीऱ्याहून ठाण्याकडे जाताना चढ आहे, मग उतार आहे, आणि पुढे कासारवडवलीपर्यंत बराचसा सपाट रस्ता. भिवंडीला जाणारे आपले टेम्पो रोज या वाटेने जातात. रहदारी कमी असेल अशा पहाटेच्या वेळी खिडक्यांच्या काचा आणि रेडिओ बंद करून ऐकावे.

चढावर अॅक्सिलरेटर दाबलेला असतो. तेव्हा पिनियन क्राऊनला ढकलते आणि दातांची एक बाजू भार घेते. आवाज याच वेळी येतो आणि पाय उचलला की थांबतो, तर दातांची ही बाजू झिजली आहे किंवा क्राऊन-पिनियनची बैठक बिघडली आहे. उतारावर गिअरमध्येच राहून पाय उचलला की उलटे होते. आता चाके क्राऊनला फिरवतात, क्राऊन पिनियनला ढकलतो आणि दातांची दुसरी बाजू भार घेते. आवाज फक्त उतारावर येत असेल, तर पिनियनच्या पुढच्या नटाकडे आणि बेअरिंगांकडे आधी पाहावे. नट सैल पडून किंवा बेअरिंग झिजून पिनियन मागेपुढे सरकू लागली की ती अशीच रडते. उतारावर गाडी न्यूट्रल करून हे प्रयोग कुणी करू नयेत. भरलेली गाडी घाटात न्यूट्रल करणे म्हणजे ब्रेकवर जीव टांगणे.

चढ, उतार, सपाटी, पाय दाबलेला, पाय उचललेला, कशानेच फरक न पडता एकसारखी जाडीभरडी घरघर येत असेल तर ती बहुधा बेअरिंगची. त्यातही भेद करता येतो. पिनियन चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरते, म्हणून तिच्या बेअरिंगचा आवाज चढा आणि दाट. क्राऊनच्या पेटीचे बेअरिंग चाकाच्या वेगाने फिरते, म्हणून त्याचा आवाज खोल आणि संथ. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' येत असेल तर क्राऊनचा एखादा दात तुटला आहे असे समजावे आणि गाडी तेथेच उभी करावी. तुटलेला तुकडा दोन दातांमध्ये अडकला तर मागची चाके धावत्या गाडीत जाम होतात. असे घाटात किंवा अहमदाबाद महामार्गावर झाले तर काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी. हा आवाज ऐकूनही 'आजचा माल टाकून येऊ, उद्या पाहू' म्हणणारे शेठ आम्हाला भेटले आहेत. ते ड्रायव्हरच्या जिवावर उधार धंदा करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि सरळ रस्त्यावर सारे शांत, पण गल्लीच्या तोंडाशी वळताना कटकट येत असेल तर मघाशी सांगितलेले आठवावे. वळणावर फक्त स्टार गिअर फिरतात, म्हणून दोष त्यांचा किंवा त्यांच्याखालच्या वॉशरांचा. येथे क्राऊन-पिनियनला हात लावण्याचे कारणच नाही.

भिवंडीच्या लूमवर ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना हे नवल वाटू नये. पन्नास लूम धडधडत असतात, बाहेरच्या माणसाला सारा एकच कल्लोळ वाटतो. पण जॉबर दारातून आत येतानाच सांगतो की अमक्या ओळीतला अमका लूम बिघडला आहे. त्याने काही खोललेले नसते, त्याला फक्त चांगला आवाज कसा असतो हे ठाऊक असते. म्हणून गाडी निरोगी असतानाही एकदा काच बंद करून तिचा आवाज ऐकून ठेवावा.

तेल काय सांगते

गोळा उघडण्याआधीची शेवटची साक्ष तेलाची. गोळ्याला तेल भरण्याचे एक भोक असते. गाडी सपाट जागी उभी करून, थंड झाल्यावर त्याचा बूच काढावा. बहुतेक गाड्यांत तेल त्या भोकाच्या काठापर्यंत असावे लागते. बोट घालूनही तेल लागत नसेल तर आवाजाचे कारण सापडले, पण ते गेले कुठे हेही शोधावे. पिनियनच्या सीलमधून गळते की चाकाच्या बाजूने ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते? ड्रममध्ये उतरत असेल तर आवाजापेक्षा ब्रेकची चिंता मोठी.

खालचा बूच काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. लोहचुंबक असलेल्या बुचावर राखेसारखा बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे, ती नेहमीची झीज. चमकणाऱ्या पातळ चकत्या दिसल्या तर बेअरिंगचा पृष्ठभाग उखडू लागला आहे. नखाएवढा तुकडा निघाला तर दात. आणि तेल दुधी, चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे.

पाण्याचे हे प्रकरण आपल्या भागात विशेष आहे. मीरा-भाईंदर खाडी आणि मिठागरांच्या काठचे शहर. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की सखल रस्त्यांवर पाणी साचते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई-ठाणे परिसरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पण गाडी बुडावीच लागते असे नाही. धुऱ्यावर हवा जाण्यायेण्यासाठी एक लहान झाकणीचे भोक असते, त्याला ब्रीदर म्हणतात. लांबून आलेला गरम गोळा साचलेल्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. त्यातून गंज, मग बेअरिंगवर खड्डे आणि मग दिवाळीच्या सुमारास घरघर. मालकाला पावसाळा तोपर्यंत आठवतही नाही. म्हणून पाणी साचलेल्या रस्त्यांतून गाडी गेली असेल तर ते ओसरल्यावर तेल एकदा पाहून घ्यावे.

तेल कोणते घालावे याबाबत गाडीबरोबर आलेले पुस्तक प्रमाण मानावे, नाक्यावरच्या दुकानदाराचा सल्ला नव्हे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास हायपॉइड जातीचे गिअर मोटारीत आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसते. त्यामुळे गाडीचा पाटा खाली घेता आला आणि दात मजबूत झाले. मात्र असे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतही जातात. त्या घासण्याला साधे तेल टिकत नाही. त्यासाठी गंधक-फॉस्फरसची औषधे मिसळलेले जी.एल.-५ दर्जाचे तेल लागते. गिअर तेलाला जो उग्र वास येतो तो त्याच गंधकाचा. इंजिनाचे उरलेले तेल गोळ्यात ओतणारे काही ड्रायव्हर असतात. त्यांच्या हातून होणारी ही बचत फार महाग पडते.

उघडायचेच ठरले तर

सर्व परीक्षा होऊन क्राऊन-पिनियनच दोषी ठरले, तर एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ समजावी. हे दोन नग नाहीत, ही एक जोडी आहे. कारखान्यात क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोहोंवर एकच नंबर कोरतात. आपल्या मुंब्र्याला भारत गिअर्सचा कारखाना आहे, तेथे अशा गिअरांच्या जोड्या तयार होतात. कापडवाल्याला हे एका वाक्यात समजेल. एकाच रंगाचे दोन तागे वेगवेगळ्या घाणीतून रंगून आले तर दुकानात सारखे दिसतात, पण शिवून झाल्यावर बाही आणि पाठ निराळी दिसते. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या सामानात पिनियन स्वस्तात मिळते, म्हणून कुणी एकटी पिनियन आणून जुन्या क्राऊनला लावली, तर ती पहिल्या दिवसापासून रडणार. जुनी घ्यायचीच असेल तर नंबर जुळलेली जोडी घ्यावी आणि दातांची पट्टी प्रत्येक दातावर सारखी आहे का, हे उजेडात पाहावे.

मिस्त्री निवडताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : "डायल गेज आहे का?" दोन दातांमध्ये किती प्ले ठेवायचा हे मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात मोजायचे असते. साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. एवढा फरक अंगठ्याने हलवून कळत नाही. चांगला कारागीर दातांना रंग लावून क्राऊन फिरवतो आणि दाताच्या मध्यावर ठसा उमटतो की कडेला, हे पाहतो. ठसा कडेला गेला तर पातळ शिम घालून किंवा काढून बैठक बदलतो. हे काम वेळखाऊ आहे. त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये, असे आम्ही घासाघिशीवर पोट भरणारे व्यापारी असूनही सांगतो. याउलट पिनियनचा नट छिन्नी-हातोड्याने आवळणारा दिसला तर गाडी घेऊन निघावे. त्या नटावर बेअरिंगचा दाब ठरतो. कमी आवळला तर पिनियन डोलते, जास्त आवळला तर बेअरिंग जळते.

वेगवान गाड्यांचे निराळे

आपल्या तरुणांत अलीकडे जुन्या बी.एम.डब्ल्यू. आणि मर्सिडीज घेण्याची हौस वाढली आहे. त्यांचे वडील मग आम्हाला विचारतात. तत्त्व तेच, पण तीन फरक आहेत. यांतल्या बहुतेक गाड्यांत गोळा धुऱ्याला नव्हे, तर गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांवर टांगलेला असतो. बुश फाटले की निरोगी गोळ्याचा बारीक सूरही थेट आत ऐकू येतो आणि गिअर टाकताना ठोका पडतो. म्हणून आधी बुश पाहावेत. दुसरे, काही ताकदवान गाड्यांत 'लिमिटेड स्लिप' जातीचे डिफरन्शियल असते. एक चाक घसरू लागले की आतल्या घर्षणाच्या चकत्या दोन्ही चाकांना बांधून ठेवतात. अशी गाडी पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना करकरली, थरथरली तर पुष्कळदा दोष तेलाचा असतो. त्या चकत्यांना चालणारे खास मिश्रणाचे तेल बदलून, मोकळ्या जागेत आठाच्या आकड्यात सावकाश दहा-बारा फेऱ्या मारून पाहाव्यात. त्याने आवाज गेला तर लाखाचा खर्च वाचला. तिसरी गोष्ट जिवाची आहे. अशा गाडीचे एकच चाक जॅकवर उचलून गिअर टाकू नये. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेले चाक हवेत फिरत राहते, येथे जमिनीवरचे चाकही जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. आपली गाडी कोणत्या जातीची हे पाहायचे असेल तर दोन्ही मागची चाके भक्कम स्टँडवर उचलून, इंजिन बंद आणि न्यूट्रल ठेवून, एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट फिरले तर साधे. त्याच दिशेला फिरले तर लिमिटेड स्लिप.

पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद देणाऱ्या घरगुती मोटारींत मागे गोळाच नसतो, डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्समध्ये असते. तेथे मागून घरघर आली तर ती टायरची किंवा हबची. 'मागचे डिफरन्शियल बदलावे लागेल' असे अशा गाडीच्या मालकाला कुणी सांगितले, तर सांगणाऱ्याचा पत्ता इतरांनाही कळवावा.

जुना टेम्पो विकत घेणाऱ्यांसाठी थोडेसे. आवाज दाबण्याची जुनी युक्ती म्हणजे गोळ्यात लाकडाचा भुसा नाहीतर घट्ट ग्रीस भरणे. ऐब झाकून विकलेली अशी गाडी महिनाभर गप्प राहते. म्हणून सौदा ठरण्यापूर्वी बूच काढून तेल बोटांत चोळून पाहावे. रवाळ लागले, पिठूळ लागले किंवा बोटाला लगदा आला तर बयाणा खिशातच ठेवावा. गाडी चालवून पाहायला मिळाली तर रिकामी न चालवता थोडा माल टाकून चालवावी, कारण झिजलेले दात भाराखालीच तोंड उघडतात.

नवी जोडी बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर अर्ध्या मालावर आणि बेताच्या वेगाने काढावेत. नव्या दातांची बैठक या काळात जमते आणि ते नेहमीपेक्षा जास्त तापतात. मग पहिले तेल लवकर काढून नवे भरावे. जुने सुटे भाग मिस्त्रीकडे न ठेवता घरी आणावेत. क्राऊनचे दात, बेअरिंगांचे रोलर आणि स्टारखालचे वॉशर पाहिले की आवाज खरोखर कुणाचा होता हे कळते. आणि बिलावर कोणते बेअरिंग कोणत्या नंबरचे घातले तेही लिहून घ्यावे.